चाळीतला म्हणजे उन्हाळी

एआय एजंट एखादं टूल वापरायचं ठरवतो तेव्हा त्याच्यापुढे त्या टूलचा कोड नसतो. टूलचं नाव, वर्णन आणि कोणत्या रकान्यात काय भरायचं हे सांगणारा जेसन स्कीमा, एवढ्यावरच त्याला निर्णय घ्यावा लागतो. नाशिक जिल्ह्यातल्या कांदा उत्पादकांना मराठीत उत्तरं देणारा एक मदतनीस तयार होत होता. मी त्या कामात आलो तो ही वर्णनं लिहायला. शेतकऱ्याने विचारायचं, ‘लासलगावला काल कांदा काय भावाने गेला?’ आणि एजंटने बाजार समित्यांच्या रोजच्या तक्त्यातून उत्तर द्यायचं. टूल माहिती बरोबर आणत होतं. त्याचं वर्णन मात्र एवढंच होतं: ‘बाजारभाव मिळवतो.’

तक्त्यात तीन दर असतात: कमीत कमी, जास्तीत जास्त आणि सर्वसाधारण. तिन्ही क्विंटलमागे रुपयांत. एजंट कधी सर्वसाधारण दर सांगायचा, कधी जास्तीत जास्त. जास्तीत जास्त दर त्या दिवशी निवडक मालाच्या एखाद्या वाहनालाच मिळालेला असू शकतो. तो आकडा ऐकून कुणी ट्रॉली भरून निघालं, तर नुकसान त्याच्या खिशाला. म्हणून वर्णनात लिहिलं: आधी सर्वसाधारण दर सांगावा, कमी-जास्त दर त्याच्या सोबत द्यावेत, दर क्विंटलचा असल्याचा उल्लेख करावा, किलोचा भाव विचारला तर शंभराने भागावं.

पुढचा प्रश्न जातीचा. मार्च-एप्रिलमध्ये बाजारात लाल आणि उन्हाळी असे दोन्ही कांदे असतात, आणि त्यांचे भाव वेगळे. शेतकरी विचारताना जातीचं नाव घेईलच असं नाही. निफाडकडच्या एका कांदा उत्पादक काकांना मी विचारलं, ‘काका, नुसतं कांदा म्हटलं तर कोणता समजायचा?’ ते म्हणाले, ‘चाळीतला म्हटलं की उन्हाळीच ना. त्यात काय विचारायचं?’

मला नेमकं तेच लिहायचं होतं. लाल कांदा फार टिकत नाही, कांद्याच्या चाळीत साठवला जातो तो उन्हाळी, हे तिथल्या माणसाला सांगावं लागत नाही. त्यामुळे ते कुठल्याही तक्त्याच्या मथळ्यात सापडत नाही. एजंटमागच्या भाषा-मॉडेलने ते कुठेतरी वाचलं असेलही, पण ऐन वेळी त्याला ते सुचेलच याची खात्री नाही. जातीच्या रकान्याला ठरावीक पर्याय दिले आणि खाली लिहिलं की चाळीतला म्हणजे उन्हाळी. संदर्भ नसेल तर अंदाज न करता विचारावं. तसंच गावांचं. तक्त्यात ‘लासलगाव’, ‘लासलगाव - विंचूर’ आणि ‘लासलगाव - निफाड’ या वेगवेगळ्या नोंदी आहेत. नुसतं विंचूर म्हणणाऱ्याला लासलगावच्या मुख्य आवाराचा भाव जाता कामा नये.

सर्वांत जास्त वेळ मी रिकाम्या उत्तरावर घालवला. २०२३ च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लावलं आणि व्यापाऱ्यांनी जिल्ह्यातले लिलाव बंद ठेवले. त्या काळातल्या तारखा देऊन चाचणी घेतली की टूलकडून रिकामी यादी यायची आणि एजंट त्यातून कधी ‘भाव शून्य’, तर कधी ‘कांद्याला मागणी नाही’ असा अर्थ काढायचा. रिकामी यादी म्हणजे फक्त नोंद नाही. सुट्टी असेल, लिलाव बंद असेल. वर्णनात ते सांगून शेवटच्या उपलब्ध दिवसाचा दर तारखेसह द्यायला सांगितलं. कोडला हात न लावता तेच प्रश्न पुन्हा विचारले, तेव्हा उत्तरं सरळ आली.

तारखेच्या बाबतीत एक उदाहरण पुरलं: २०२४-०३-१५. चुकीच्या रूपात तारीख आली तर त्रुटीच्या संदेशातही हेच उदाहरण जातं, म्हणजे एजंट स्वतः दुरुस्त करून पुन्हा विचारू शकतो.

मोह असा होतो की जे जे माहीत आहे ते सगळं लिहून टाकावं. पण टूलचं वर्णन प्रत्येक संवादासोबत मॉडेलकडे जातं, त्याचे टोकन मोजले जातात, आणि लांबलचक मजकुरात कामाची ओळ बुडते. कांद्याचा इतिहास मी काढून टाकला. चाळीची ओळ ठेवली. मागच्या वर्षांचे भाव देणारं दुसरं टूल होतं, तिथे दोन्हींच्या वर्णनात एकेक हद्दीची ओळ घातली: एकच दिवस हवा तर हे, काही आठवडे किंवा वर्षांची तुलना हवी तर ते.

नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिक या एआय कंपनीने एजंटला टूल जोडण्याची एक पद्धत, मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, खुली केली. त्या पद्धतीने मांडलेलं टूल आपण कधी न पाहिलेला एजंटही वापरू शकतो. तिथे समजावून सांगायला आपण नसतो, फक्त आपलं वर्णन असतं. त्यामुळे हे काम कोड पूर्ण झाल्यावर उरकायचं कागदोपत्री काम आहे, हे मला अजिबात मान्य नाही.

शेवटची ओळ घालताना आमच्यात वाद झाला. शेतकरी हमखास विचारतात, ‘विकू की थांबू?’ मी लिहिलं: हे टूल झालेल्या लिलावांचे दर देतं, पुढच्या भावाचा अंदाज यातून काढू नये. एका सहकाऱ्याचं म्हणणं होतं की ही सूचना एजंटच्या मुख्य सूचनांमध्ये असावी, टूलमध्ये नको. मी म्हटलं, दोन्हीकडे असू दे. उद्या हे टूल दुसऱ्या कुणाच्या एजंटला जोडलं गेलं, तरी चाळीत माल ठेवून बसलेल्या माणसाला त्या आकड्यांच्या नावावर कुणी भरवसा देऊ नये. ओळ राहिली.