दारावरची यादी

नोकरी संपली की घर विकायचं, एक ट्रेलर घ्यायचा आणि पुढचं आयुष्य रस्त्यावर काढायचं. हे ऐकलं की डोळ्यांसमोर काय येतं? डोंगरामागे मावळणारा सूर्य, घडीच्या दोन खुर्च्या, त्यात म्हातारा-म्हातारी आणि हातात कॉफीचे मग. इन्स्टावर असे रील्स ढिगाने सापडतात. मी पाहिलेल्या एकाही रीलमध्ये कुणी संडासाची टाकी रिकामी करत नव्हतं.

मी ते काम दोन हात अंतरावरून पाहिलंय. त्यासाठी मुद्दाम दोनशे किलोमीटर गाडी चालवत गेले, आणि नंतर आई-बाबांनाही घेऊन गेले.

चार वर्षांपूर्वी कंपनीने मला पुण्याहून फिनिक्सला पाठवलं. तिथे माझी पहिली टेस्ट लीड ६४ वर्षांची होती. माझ्या कोडमधले बग ती अशा शांतपणे काढायची, की राग यायच्या आधी पटायचं. ६६व्या वर्षी ती रिटायर झाली. नवरा डिझेल मेकॅनिक होता, तो आधीच घरी बसला होता. दोघांनी घर विकलं, ३० फुटी ट्रेलर घेतला आणि तो ओढायला पिकअप ट्रक. उन्हाळा कोलोराडोच्या डोंगरात, हिवाळा ॲरिझोनाच्या वाळवंटात. हिवाळ्यात थंड राज्यांमधून आणि कॅनडातून असे हजारो म्हातारे खाली उतरतात. त्यांना इथे ‘स्नोबर्ड’ म्हणतात.

त्यांचं हिवाळी गाव म्हणजे क्वार्ट्झसाइट. २०२०च्या जनगणनेत इथली लोकसंख्या जेमतेम २,४०० भरली. पण जानेवारीत हायवेवरून पाहिलं तर क्षितिजापर्यंत पांढरे ठिपके दिसतात. ते सगळे ट्रेलर आणि मोटरहोम. गावाजवळ ला पोसा नावाची सरकारी जमीन आहे. मी गेले तेव्हा १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल असा पूर्ण हंगाम तिथे राहायचा परवाना १८० डॉलरला होता. सात महिन्यांचं भाडं म्हणून पाहिलं तर फुकटच. पण या पैशांत दारात नळ येत नाही, विजेचा खांब येत नाही आणि गटारही येत नाही. पाणी भरायची आणि टाक्या रिकाम्या करायची जागा एका बाजूला आहे, तिथपर्यंत आपण जायचं. बाकी मग वाळू, निवडुंग आणि तुम्ही.

म्हणून इथला दिवस कामांनी भरलेला असतो.

त्यांच्या ट्रेलरखाली तीन प्रकारच्या टाक्या आहेत. एक चांगल्या पाण्याची, ६० गॅलन म्हणजे साधारण २२५ लिटर. एक सांडपाण्याची आणि एक संडासाची. दोघांनी नीट वापरलं तर चांगलं पाणी दहा-बारा दिवस पुरतं, म्हणजे दोघांत मिळून दिवसाला वीसेक लिटर. आंघोळ करताना अंग ओलं करून नळ बंद, साबण लावून झाला की परत नळ. ताटं आधी कागदाने पुसायची, मग धुवायची. टाक्या भरत आल्या की हातमोजे घालून पाइप जोडायचा. आधी संडासाची टाकी सोडायची, मग सांडपाण्याची, कारण साबणाच्या पाण्याने पाइप आतून धुऊन निघतो. हा क्रम चुकला तर पुढचा अर्धा तास कसा जातो, ते लीडच्या नवऱ्याने मला हातवारे करून सांगितलं होतं.

याशिवाय सोलर पॅनलवरची धूळ पुसायची. गॅसचा सिलेंडर हलवून अंदाज घ्यायचा. ट्रेलर नव्या जागी उभा केला की पाणसळ ठेवून चाकांखाली फळ्या सरकवायच्या, कारण तो तिरका राहिला तर त्यांचा गॅसवर चालणारा फ्रिज नीट चालत नाही. रात्री ट्रकचं बॉनेट उघडं ठेवून खाली दिव्यांची माळ लावायची. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, ख्रिसमस उरकायला विसरले. पण इथले रानउंदीर बॉनेटच्या उबेत घरटं करतात आणि वायरी कुरतडतात. उजेड आणि गारवा असेल तर फिरकत नाहीत.

पत्ता हेही एक कामच. घर नाही तर बँकेची पत्रं, लायसन्स, मतदान यांचं काय? एस्केपीज नावाचा अशा लोकांचा क्लब १९७८पासून आहे. टेक्सासमधल्या लिव्हिंग्स्टन गावात तो सभासदांची टपाल घेतो आणि ते असतील तिथे पाठवतो. त्याच गावात, गाडी चालवणं झेपेनासं झालेल्या सभासदांना आपल्याच ट्रेलरमध्ये राहून मदत मिळेल अशी सोयही क्लबने केली आहे. म्हणजे या प्रवासालाही शेवट असतो, हे रस्त्यावरच्या लोकांनी आधीच धरून ठेवलंय.

हे सगळे हौसेने आलेले नसतात. पेन्शन पुरत नाही, घरभाडं परवडत नाही म्हणून व्हॅनमध्ये राहणारेही याच वाळवंटात असतात. ‘नोमॅडलँड’ सिनेमा त्यांचाच, आणि त्याचं काही शूटिंग इथेच झालंय. लांबून बघितलं तर दोन्ही प्रकारचे लोक सारखेच दिसतात. दोघंही पाणी मोजूनच वापरतात.

आणि मग छंद. क्वार्ट्झसाइट हे दगडांचं गाव आहे. जानेवारी-फेब्रुवारीत इथे खडे-खनिजांचे मोठे बाजार भरतात. लीडला दगड वेचायचा नाद लागलाय. सकाळी चार-पाच जणी काठ्या घेऊन ओढ्याच्या कोरड्या पात्रात फिरतात, खाली बघत. घरी आल्यावर ते दगड एका छोट्या फिरत्या पिंपात जातात, पाणी आणि खरखरीत पूड घालून. आठवडाभराने आणखी बारीक पूड, मग त्याहून बारीक, शेवटी पॉलिश. महिनाभर पिंप रात्रंदिवस घरघरत असतं. नवरा जुने रेडिओ दुरुस्त करतो. कुणी गोधड्या शिवतं, कुणी मेटल डिटेक्टर घेऊन वाळूत हरवलेली नाणी शोधतं. संध्याकाळी प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायचा आणि सगळ्यांनी मिळून जेवायचं.

मागच्या जानेवारीत मी आई-बाबांना तिथे घेऊन गेले.

बाबा पाटबंधारे खात्यातून ५८व्या वर्षी निवृत्त झाले. बरीचशी नोकरी जायकवाडीच्या डाव्या कालव्यावर गेली. पैठणपासून परभणीकडे येणारा हा कालवा २०८ किलोमीटर लांब आहे. टेलच्या शेतकऱ्याला पाणी का पोचलं नाही, याचं उत्तर देण्यात त्यांची हयात गेली. निवृत्त झाल्यावर बाबा सकाळी पेपर वाचायचे, दुपारी तोच पेपर परत वाचायचे. लीडच्या नवऱ्याने टाक्यांचा हिशोब सांगितला तशी बाबांची कळी खुलली. त्यांनी गॅलनचे लिटर केले, माणशी काढले आणि म्हणाले, “म्हणजे बारा दिवसाला एक आवर्तन.” नंतर ते दोघं एक शब्द समान नसताना तासभर व्हॉल्व्हपाशी उकिडवे बसले होते.

आईला मात्र यात काही नवल वाटलं नाही. “आपल्याकडं पाणी आठवड्यानं येतं तवा मी हेच करते,” ती म्हणाली. “डाळ-तांदळाचं पाणी झाडाला, कपड्याचं पाणी संडासाला. हे लोक मजा म्हणून करायलेत व्हय?”

जेवण झालं. नवरा उठला आणि भांडी घासायला लागला. आई लगेच उठली. लीडने तिला हाताला धरून खाली बसवलं आणि ट्रेलरच्या दाराकडे बोट दाखवलं.

दाराच्या आतल्या बाजूला एक यादी लावलेली होती. टेस्टरची यादी, त्यामुळे काही सुटलेलं नव्हतं. पाणी भरणं, टाक्या सोडणं, स्वयंपाक, भांडी, लाँड्री, औषधं आणणं, ट्रक जोडणं, बँक, विमा, टायरची हवा, मुलांना फोन. प्रत्येक कामासमोर तिच्या किंवा त्याच्या नावाचं पहिलं अक्षर. “आज भांड्यांपुढे त्याचं अक्षर आहे,” मी आईला सांगितलं. आई बसली, पण पदराचं टोक बोटाला गुंडाळत, परीक्षेच्या हॉलमध्ये बसल्यासारखी.

त्या यादीवरची काही अक्षरं खोडून उलटी लिहिलेली होती. मी विचारलं. लीड म्हणाली, दर महिन्याच्या पहिल्या तारखेपासून एक आठवडा आम्ही सगळी कामं उलटी करतो. तो लाँड्री आणि औषधं बघतो, मी ट्रक जोडते आणि टाक्या सोडते.

“का?”

“कारण आम्ही दोघं एकाच दिवशी मरणार नाही.”

पलीकडच्या एका बाईचं तिने सांगितलं. दुसऱ्या राज्यातल्या एका मुक्कामी तिचा नवरा झोपेतच गेला. बाईने ट्रक कधी चालवला नव्हता, ट्रेलर कधी जोडला नव्हता. मुलगा सुट्टी काढून येईपर्यंत पाच आठवडे ती तिथेच अडकून होती, आणि तिसऱ्या आठवड्यात टाक्या भरल्या. आता ती छोटी व्हॅन घेऊन एकटी येते. दगड वेचायला सगळ्यात पुढे तीच असते.

मी आईला हे सगळं सांगितलं नाही. फक्त यादी उलटी करतात एवढंच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई त्या बायकांबरोबर गेली. सगळ्या जणी रंगीत, पट्ट्यांचे दगड शोधत होत्या. आईने मात्र सुपारीएवढे पाच गोल खडे निवडले, सावलीत मांडी घालून बसली आणि एक खडा वर उडवून बाकीचे उचलायला लागली. सागरगोटे. चाळीस वर्षांत खेळली नसेल. दोनदा चुकली, तिसऱ्यांदा चौकडा एका झेपेत उचलला. बायकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांच्या लहानपणीही ‘जॅक्स’ नावाचा असाच खेळ होता, त्यामुळे समजवावं लागलं नाही. लग्नाच्या बायोडेटात आईच्या छंदांपुढे ‘वाचन, विणकाम’ लिहिलं होतं. यातलं एकही मी तिला करताना पाहिलेलं नाही. वेळच कुठे होता? छंदाला वेळ लागतो, आणि वेळ उरतो तो घरातली कामं कुणीतरी वाटून घेतली तर. आमच्या घरी बाबा निवृत्त झाले, पण स्वयंपाकघराला निवृत्तीचं वय नव्हतं.

परतीच्या वाटेवर मी ‘एकाच दिवशी मरणार नाही’ हे वाक्य त्यांना सांगितलं. गाडीत बराच वेळ कुणी बोललं नाही. मग आई खिडकीबाहेर बघत म्हणाली, “यांना तुरीची डाळ कोणत्या डब्यात असते, ते माहीत नाही.”

बाबा म्हणाले, “हिला एटीएमचा पिन माहीत नाही.”

दोघंही हसले. मला हसू आलं नाही. मी परभणीपासून अर्ध्या जगाच्या अंतरावर राहते. फोन आला, तिकीट मिळालं, तरी पोचायला दीड दिवस लागतो. त्या दीड दिवसात मागे राहिलेल्या माणसाने काय करायचं, काय खायचं, कुठले पैसे काढायचे, हे आमच्या घरात कुणी कधी लिहून ठेवलं नव्हतं.

त्यांच्या मुक्कामाचे सहा आठवडे उरले होते. माझ्या फ्रिजवर यादी लागली. आईने सांगितलेली कामं लिहायला मला दोन कागद लागले, बाबांची अर्ध्या कागदात मावली. कागद बघून बाबा काही बोलले नाहीत, चष्मा काढून पुसला. दुसऱ्या दिवसापासून सकाळचा चहा त्यांच्याकडे गेला. मग वरण-भात, मग फोडणी. आई फोनवर बँकेचं ॲप उघडायला शिकली. पहिल्यांदा पासवर्ड टाकताना तिचं बोट थरथरत होतं. शिल्लक बघून म्हणाली, “एवढे आहेत? आणि मी भाजीवाल्याशी दोन रुपयांसाठी भांडते!”

परत गेल्यावर हे टिकेल याची मला खात्री नव्हती. थोडं टिकलंय. संध्याकाळची भांडी बाबा घासतात, दार लावून, शेजाऱ्यांना दिसू नये म्हणून. नोव्हेंबरमध्ये हयातीच्या दाखल्यासाठी ते बँकेत गेले तेव्हा आई सोबत गेली. सहीची यादी कुठल्या खिडकीवर असते, कुटुंब निवृत्तिवेतनाला कुठले कागद लागतात, हे तिने स्वतः साहेबांना विचारलं. बाबा शेजारी उभे होते. आपल्या नंतरचे प्रश्न आपल्यासमोर विचारले जाताना कसं वाटलं, हे मी त्यांना विचारलेलं नाही. दुपारी चार ते पाच आई खडे खेळते, शेजारची पोरगी तिची जोडीदार. यादीत बाबांच्या अक्षरापुढे ‘भाकरी’ हे काम अजून बाकी आहे. त्यांची भाकरी जायकवाडीच्या जलाशयासारखी होते, काठ कुठूनही कसाही.

या हिवाळ्यात मी परत क्वार्ट्झसाइटला जाऊन आले. लीडच्या नवऱ्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, त्याला खाली वाकता येत नाही. ट्रक जोडणं, टाक्या सोडणं, फळ्या लावणं यांपुढे आता कायमचं तिचं अक्षर आहे. कोलोराडोहून ट्रेलर तिनेच ओढत आणला. तो खुर्चीत बसून दोघांचे कपडे घड्या करत होता आणि पिंपात दगड घरघरत होते.