नाव सुचवताना

गेल्या वर्षी उन्हाळ्यात कोरीट येथे एका कुटुंबाच्या नव्या घराला आशीर्वाद देण्यासाठी गेलो होतो. विधी आटोपून अंगणातल्या खाटेवर बसलो असता, नंदुरबारला जमीन-घरांचे व्यवहार जुळविणारा एक तरुण जवळ आला. इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्यावर त्याने मनातले सांगितले. "फादर, हा धंदा ओळखीवर चालतो. बदलीवर येणारे शिक्षक, परिचारिका, बँकेतले लोक आधी तुम्हाला विचारतात. त्यांना माझे नाव सांगा. व्यवहार झाला की देवळासाठी माझ्याकडून काहीतरी पोहोचते करीन."

त्याच्या बोलण्यात कपट नव्हते. तरीही मी गप्प झालो, कारण एक जुनी जखम उघडी पडली होती.

पंधराएक वर्षांपूर्वी, दुसऱ्या धर्मग्रामात असताना, परजिल्ह्यातून आलेल्या एका शिक्षक दांपत्याने मला प्लॉटविषयी विचारले होते. मी एका मध्यस्थाचे नाव दिले. तो गोड बोलतो, वाटेत भेटला की नमस्कार करतो, यापलीकडे मला त्याच्याविषयी काहीही ठाऊक नव्हते. त्या दोघांनी नोटरीच्या कागदावर बयाणा दिला. पुढे कळले की जमीन एका आदिवासी खातेदाराची आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ३६-अ नुसार अशी जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वमंजुरीवाचून बिगर-आदिवासीच्या नावे होऊ शकत नाही. मंजुरी नव्हतीच. बयाण्यातले निम्मे पैसे कसेबसे परत मिळाले. त्या शिक्षकाची पत्नी शांतपणे म्हणाली, "फादर, तुम्ही नाव दिलेत म्हणून आम्ही सातबारा पाहिलाच नाही." ते वाक्य मला अजून टोचते. शिवाय गरिबाचे शेत वाचावे म्हणून जो कायदा झाला, त्याला वळसा घालण्याच्या कामी माझा शब्द वापरला गेला होता.

हे सारे मी त्या तरुणाला सांगितले. तो म्हणाला, "मग फादर, ओळखीशिवाय आम्ही धंदा करावा तरी कसा?"

त्याचा प्रश्न रास्त होता. म्हटले, "ओळखी जरूर जोड, पण त्या गिऱ्हाइकाच्या उपयोगी पडणाऱ्या असू देत." परक्या गावी आलेल्या माणसाला जागेबरोबर आणखी कितीतरी माणसे लागतात. मालकीहक्काचा तीस वर्षांचा शोध घेणारा वकील, भूमी अभिलेख कार्यालयातील मोजणीची रीत समजावणारा जाणकार, खरेदीखत तयार करणारा दस्तलेखक, गृहकर्जाची कागदपत्रे सांगणारा बँक कर्मचारी, गवंडी, विजेचे आणि नळाचे काम करणारे कारागीर. यांपैकी प्रत्येकाचे काम आधी स्वतः पाहावे, त्याच्या दोन-तीन जुन्या गिऱ्हाइकांना विचारावे, मगच नाव द्यावे. शक्य तेथे दोन नावे द्यावीत व निवड गिऱ्हाइकावर सोपवावी. महिन्याभराने काम कसे झाले याची चौकशी करावी आणि खरी तक्रार आली तर नाव खोडावे. गवंड्याकडून कमिशन मिळणार असेल तर ते गिऱ्हाइकाला आधीच सांगावे. वकिलाकडे मात्र वाटा मागूच नये. त्यांच्या व्यवसायनियमांनुसार वकील नसलेल्यांबरोबर त्यांना शुल्क वाटून घेता येत नाही. असे वागणाऱ्या मध्यस्थाकडे तोच वकील आणि तोच गवंडी पुढे आपणहून माणसे धाडतात, कारण त्याच्या हाती आपलेही नाव सुरक्षित आहे हे ते जाणतात.

२०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने नोंदणीकृत प्रकल्पांतील विक्रीसाठी मध्यस्थालाही नोंदणी सक्तीची केली. महारेराने २०२३ मध्ये त्याला प्रशिक्षण व परीक्षेची जोड दिली. हे चांगलेच झाले. परंतु चहा पिता पिता सुचवलेल्या नावाची नोंद कोणत्याही कार्यालयात होत नाही. खोटी साक्ष देऊ नये ही आज्ञा आपण लहानपणी पाठ करतो आणि पुढे ती कोर्टकचेरीपुरती ठेवतो. पारखल्यावाचून सुचवलेले नाव हीसुद्धा एक साक्षच असते, हे मला फार उशिरा उमगले.

नाताळच्या सुमारास तो तरुण एक वही घेऊन भेटायला आला. तीत नावे, कामे आणि गिऱ्हाइकांचे अभिप्राय नीट लिहिलेले होते. एक नाव खोडलेले दिसले. विचारले, तेव्हा मान खाली घालून म्हणाला, "माझा मेहुणा आहे, फादर. एकाच्या घराचे काम अर्धवट टाकून गेला. तेव्हापासून बायकोने अबोला धरलाय."

मी वही मिटून त्याच्या हाती दिली.

आता कोणी विचारले तर मी त्याचे नाव सांगतो. देवळासाठी त्याच्याकडून काही घेत नाही, हेही सांगतो. आणि जाणाऱ्याला दारापर्यंत पोहोचवताना बजावतो, "सातबारा स्वतः पाहा. फादरांनी सांगितले एवढ्यावर विसंबू नका."