बदलून आलेला रॉड

आमच्या शाखेत बदलून आलेल्या माणसाचं स्वागत ठरलेलं असतं. पहिल्या दिवशी त्याला कोणी खुर्ची देत नाही. दुसऱ्या दिवशी कॅशियर त्याची कुंडली काढतो. तिसऱ्या दिवशी शिपायानं चहाची वर्गणी मागितली, की समजावं, माणूस शाखेत मुरला. मागितलीच नाही, तर मात्र त्याच्याभोवती अबोल्याची भिंत उभी राहते आणि बिचारा निवृत्तीपर्यंत त्या भिंतीतच राहतो.

शरीराची पद्धत काही वेगळी नाही, हे आईच्या मांडीचं हाड मोडल्यावर कळलं. वय ७४. डॉक्टरांनी आत टायटॅनियमचा रॉड घातला. आईचा सगळा जन्म सोवळ्यात गेलेला. शुद्धीवर आल्यावर पहिला प्रश्न, "डॉक्टर, परकी वस्तू ती. अंग घेईल का तिला?"

मला रॉडची फक्त किंमत ठाऊक होती. डॉक्टर मात्र खुर्ची ओढून बसले.

रॉड आत गेल्यावर काही सेकंदांतच रक्तातली प्रथिनं त्याला चिकटतात. म्हणजे पेशींना रॉड दिसतो तो अंगरख्यासकट. मग चौकशीला पांढऱ्या पेशी येतात आणि त्यांच्या मागोमाग मॅक्रोफेज नावाच्या भक्षक पेशी. यांचा स्वभाव असा, की दिसेल ते गिळायचं. रॉड कसा गिळणार? मग त्यांतल्या काही एकमेकींत मिसळून एकच अवाढव्य पेशी होते. तिच्यानंही जमलं नाही, की परक्याभोवती चिवट धाग्यांचं वेष्टण घालून त्याला वाळीत टाकायचं. हाड आणि धातू यांच्यामध्ये असं वेष्टण आलं, की पकड ढिली झालीच.

"मग भांडणच होऊ देऊ नका की!" मी म्हणालो.

"तसं नाही चालत. सुरुवातीच्या सुजेतूनच हाड बांधणाऱ्या पेशींना बोलावणं जातं. भांडण हवंच. फक्त ते वेळेवर मिटायला हवं."

मिटतं म्हणजे भक्षक पेशी स्वभाव बदलतात. कालपर्यंत लाठ्या घेऊन आलेल्या, आज विटा वाहू लागतात. नव्या रक्तवाहिन्या फुटतात, हाड भरू लागतं. नाही मिटलं, तर हाड खाणाऱ्या पेशी जोर धरतात. हाडं आणि प्रतिकारशक्ती यांचा हा संसार एकत्रच चालतो, म्हणून २००० साली या अभ्यासाला स्वतंत्र नावही मिळालं : ऑस्टिओइम्युनॉलॉजी.

टायटॅनियमचं हाडाशी असलेलं सख्य मात्र त्याआधीचं. १९५२ साली स्वीडनमध्ये ब्रोनमार्क नावाच्या डॉक्टरांनी सशाच्या पायाच्या हाडात रक्तप्रवाह पाहण्यासाठी टायटॅनियमचं उपकरण बसवलं. काम झाल्यावर काढायला गेले, तर निघेना! हाडानं ते आपलंसं केलं होतं. हवा लागताच या धातूवर ऑक्साइडचा पातळ थर चढतो, त्यामुळे तो सहसा कुणाच्या वाटेला जात नाही. पूर्वी इतकंच पुरे वाटे, की आत घातलेली वस्तू गप्प बसावी. आता शास्त्रज्ञ तिचा पृष्ठभाग असा घडवू पाहताहेत, की तिनं भक्षक पेशींची समजूतही काढावी.

"फक्त आजी, वय वाढलं की हे भांडण मिटायला जरा वेळ लागतो," डॉक्टर जपून म्हणाले.

आई गप्प झाली. वरच्या मजल्यावरच्या काकूशी, म्हणजे तिच्या जाऊबाईंशी, तिचा १९ वर्षांचा अबोला आहे. कारण बहुधा लोणच्याची बरणी असावी. नक्की आता दोघींनाही आठवत नाही. त्या रात्री तिला झोप लागली नाही, आणि मलाही.

तीन महिन्यांनी एक्स-रे काढला. मोडल्या जागी पांढुरका ढग धरला होता. डॉक्टर म्हणाले, "आजी, जुळतंय!"

आईनं फोटो उजेडाकडे धरून बराच वेळ पाहिला. मग मला म्हणाली, "काठी दे. जिना चढता येतो का बघते."

"कुठं निघालीस?"

"वर. त्यांच्याकडे."