दहावी ओळ

आजीची नजर अधू झालीय, पण जाळीची शाल विणायचं वेड काही सुटत नाही. साध्या विणीत सुटलेला टाका क्रोशाच्या सुईने वर उचलता येतो. जाळीत मात्र मुद्दाम भोकं पाडलेली आणि टाके जोडीने विणलेले. उसवलं की कुठला टाका कुठला, ते माझ्या डोळ्यांनाही कळत नाही! म्हणून दर दहा ओळींनी, टाके मोजून बरोबर भरले की आजी मला हाक मारते. मी सुईवरच्या प्रत्येक टाक्यातून वेगळ्या रंगाचा बारीक, गुळगुळीत सुती दोरा ओवते. टोकं लांब सोडते. याला लाइफलाइन म्हणतात. आमच्या भाषेत, फाइल सेव्ह करणं! पुढे चुकलं तर सुई काढून बिनधास्त उसवायचं. दोऱ्यापाशी सगळे टाके अडून राहतात.

मी हॉस्टेलला आले की शालही दहाव्या ओळीवर थांबते. फोनवर आजी शालीचं नावसुद्धा काढत नाही. नुसतं विचारते, "सुट्टी कधी लागतेय गं?"