सुपातले

सासूबाईंचं ऋण सांगायचं तर आधी माझंच एक वाक्य सांगावं लागेल. 2015 साली माझी बायको गेली तेव्हा त्या 79 वर्षांच्या होत्या, मी साठीचा. पोटची मुलगी गेलेली ही बाई दोन महिन्यांत माजघरात सूप घेऊन तांदूळ निवडत बसलेली पाहिली आणि मी मेहुण्याला म्हणालो, "आई म्हणजे दगड आहेत."

मी तेव्हा एका इस्पितळाविरुद्धच्या तक्रारअर्जांची फाइल बगलेत वागवत होतो. रात्री दोनला उठून नवा मजकूर लिहायचो. मी जागा, म्हणजे माझं दुःख मोठं, असा हिशेब.

वाईच्या त्या घरात महिनाभर राहिलो तेव्हा नीट पाहिलं. शेवटच्या दिवसांची हकीकत उकरायला येणाऱ्या शेजारणीला त्या दारातच "आज नको हं" म्हणत. लग्नामुंजींना जाणं बंद, आहेर कुणाबरोबर तरी पाठवायचा. भावकीच्या वादात त्यांचं मत कुणाला मिळत नसे. दिवेलागणीनंतर मात्र देवापाशी बसून पोटभर रडायच्या, पदराने डोळे पुसायच्या आणि कुकर लावायला उठायच्या. रडणं त्यांनी चुकवलं नाही, फक्त चारचौघांच्या हाती दिलं नाही.

माझी फाइल त्यांनी एकदाच चाळली. "अहो, याचं उत्तर आलं तर तुम्ही काय करणार?" मला काही सुचेना. "बरं, हे जरा निवडून द्या. मला खडे दिसत नाहीत." मोतीबिंदू काढून तीन वर्षं झाली होती. ऑपरेशनचं बिल मीच भरलं होतं.

पुढे स्टॅनफर्डच्या मानसशास्त्रज्ञ लॉरा कार्स्टन्सन यांच्या कामाबद्दल वाचलं. उतारवयात गोतावळा आटतो तो निव्वळ नाइलाजाने नव्हे. हाती वेळ थोडा आहे हे उमगलं की माणूस लांबची नाती गाळतो, जवळची राखतो आणि एकंदरीत तरुणांपेक्षा कमी चिडतो. यात वयापेक्षा उरलेल्या वेळेचा भाग मोठा. 1997 मध्ये हाँगकाँग चीनकडे जाण्याच्या तोंडावर तिथले तरुणही म्हाताऱ्यांसारखी जवळचीच माणसं निवडू लागले होते. अर्थात हे सरसकट नाही. जिथून उठून जाताच येत नाही, म्हणजे आजाऱ्याची अहोरात्र सेवा किंवा लादलेलं एकटेपण, तिथे म्हातारा जीवही खचतो. त्याला "वयच झालंय" म्हणून सोडून देणारी घरं मी पाहिली आहेत. तो निव्वळ आळस असतो.

जात्यातले रडतात, सुपातले हसतात म्हणतात. सासूबाईंना सुपात बसून जातं स्वच्छ दिसत होतं, तरी हसू येई.

हळूहळू त्यांची माणसं पाचावर आली. मुलगा, सून, नातू, एक शाळेतली मैत्रीण आणि मी. दर रविवारी सकाळी नऊला फोन यायचा, "काय केलंत जेवायला?" पिठलं म्हटलं की "पुन्हा?" त्या फोनसाठी मी रविवारी आंघोळ लवकर उरकू लागलो, स्वयंपाक शिकलो. फाइल माळ्यावर गेली.

2022 मध्ये त्या गेल्या. तेराव्याला मी मेहुण्याला म्हणालो, तो दगड शब्द आईंच्या कानावर गेला नाही, तेवढं बरं झालं.

तो म्हणाला, "मी त्याच रात्री सांगितला होता."