सर्व्हिसची गाडी सेकंडहँड घ्यावी, पण हिशेबाने

वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा या औद्योगिक वसाहतींत पंप, कॉम्प्रेसर आणि जनरेटर दुरुस्तीची कामे घेणाऱ्या आमच्यासारख्यांना गाडी लागते ती वर्कशॉपच कंपनीच्या गेटवर नेऊन उभे करण्यासाठी. हौद्यात वेल्डिंग मशीन, चेनपुली, पान्यांच्या पेट्या, बेअरिंग, सील, केबल. सकाळी शहर ओलांडायचे आणि काम संपेपर्यंत गाडी सावली बघून लावून ठेवायची. ट्रान्सपोर्टवाल्याची गाडी धावते तेव्हा कमावते, आमची उभी असते तेव्हा. जी गाडी दिवसाचे मोजकेच किलोमीटर चालते, तिच्यावर नव्या गाडीचा हप्ता चढवला तर महिन्याचा पहिला आठवडा बँकेसाठीच राबावे लागते. म्हणून आजवर आम्ही जुन्या छोटा हत्ती आणि पिकअपवरच काम केले आहे. या धंद्याला सेकंडहँड गाडीच रास्त आहे, असे माझे ठाम मत आहे. मात्र ती घेताना किलोमीटर आणि रंग यांपेक्षा दोन गोष्टी पाहाव्यात: गाडीने आधी कोणते काम केले आणि तिचे कागद कोणाच्या नावावर आहेत.

आधीचे काम आपल्या भागात फार महत्त्वाचे ठरते. उन्हाळा लागला की शहरात आणि आसपासच्या वस्त्यांवर छोट्या गाड्यांच्या हौद्यात टाक्या चढतात आणि पाण्याच्या खेपा सुरू होतात. हजार लिटर पाणी म्हणजे एक टन वजन, टाकीचे वेगळे. २००५ साली बाजारात आलेला टाटा एस, म्हणजे आपला छोटा हत्ती, मुळात पाऊण टनासाठी बनवलेला. असे काही उन्हाळे काढलेल्या गाडीचे मीटर कमीच दाखवते, कारण खेपा जवळच्या असतात. पण चेसिसने काय सोसले ते मीटरवर उमटत नाही. ते खाली वाकून पाहावे लागते. मागचे पाटे रिकाम्या गाडीतही सरळ झालेले असतील, एखादा पाटा नवाकोरा आणि बाकीचे गंजलेले असतील, चेसिसच्या आडव्या पट्टीवर वेल्डिंगची जाड रेघ आणि तिच्यावर ताजा काळा रंग असेल, तर किंमत कितीही पाडून मिळो, ती गाडी सोडावी. हौद्याच्या कोपऱ्यांत आणि फाळक्याच्या बिजागऱ्यांशी गंजाने पत्रा पोखरला असेल, तर गाडीत पाणीच वाहिले असावे, असा संशय घ्यावा. इंजिन गरम असताना ऑइलचे झाकण काढून पाहावे. धुराचा झोत धाप लागल्यासारखा बाहेर येत असेल, तर इंजिनकाम जवळ आले आहे. इंजिन पुन्हा बांधता येते. वाकलेले चेसिस मात्र गाडीला कायमचे एका अंगाला ओढत राहते.

दुसरी गोष्ट कागदांची. आपल्याकडे पैसे आणि चावी यांची अदलाबदल झाली की व्यवहार पुरा झाला असे मानतात, आणि आर.सी. वर्षानुवर्षे जुन्याच नावावर राहते. कायदा असे मानत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केले की अपघाताच्या भरपाईत नोंदणी ज्याच्या नावावर, तोच मालक. मधे गाडी कितीही हातांतून गेलेली असो. म्हणजे घाई विकणाऱ्यालाही असायला हवी. घेणाऱ्याने तर चौदा दिवसांच्या आत विमाही स्वतःच्या नावावर करून घ्यावा, नाहीतर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडतो. मालकी बदलाचे फॉर्म २९ आणि ३०, कर्ज फिटले असेल तर बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५, पासिंगची तारीख, थकलेली चलने, हे सगळे बयाणा देण्यापूर्वीच पाहावे. गाडी आठ वर्षांची होईपर्यंत पासिंग दोन वर्षांनी असते, त्यानंतर दरवर्षी. हौद्यावर क्रेन किंवा बंद बॉडी बसवलेली असेल, तर ती आर.सी.वर चढलेली आहे का, हेही तपासावे. त्याच्या जोडीला एक दिलासाही आहे: सर्वोच्च न्यायालयाच्या नोव्हेंबर २०२४ च्या निकालानुसार साडेसात टनांपर्यंतची मालवाहू गाडी हलक्या वाहनाच्या परवान्यावर चालवता येते, आणि कायद्यानेच तीन टनांपर्यंत एकूण वजनाच्या मालवाहू गाडीला वेगळे परमिट लागत नाही.

यावर पहिला आक्षेप येतो तो बिघाडाचा: जुनी गाडी ऐन कामाच्या दिवशी दगा देते. ते खरे आहे. त्याला उत्तर एकच, सगळे पैसे खरेदीत घालू नयेत. आम्ही ठरवलेल्या रकमेचा चौथा हिस्सा बाजूला ठेवतो आणि गाडी कामाला लावण्यापूर्वीच क्लच प्लेट, ब्रेक, बेल्ट, होस पाइप, बॅटरी आणि टायर पाहून घेतो. बहुतेक गाड्या याच गोष्टींमुळे रस्त्यात अडतात. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला, नवी गाडी स्वस्त झाली आणि जुन्या गाडीच्या कर्जाला व्याज जास्त पडते. ज्याचे रोजचे धावणे मोठे आहे, पैठण, जालना, गंगापूर असा फेरा आहे, त्याने नवीच घ्यावी, हे मी मान्य करतो. पण आमच्यासारखे कमी धावणे असेल, तर जुन्या गाडीसाठी कर्ज काढूच नये. रोखीत बसेल तेवढीच गाडी घ्यावी.

तिसरा आक्षेप धुराचा, आणि तो टाळता येणार नाही. शहराची हवा आपल्याच पोरांच्या छातीत जाते. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे प्रदूषणाचे मानक लागू झाले. त्या मानकाच्या गाड्या आता सेकंडहँड बाजारातही मिळतात, आणि पहिली निवड त्यांचीच असावी. फक्त एक ध्यानात घ्यावे. सायलेन्सरमध्ये काजळीचा फिल्टर असलेल्या डिझेल गाडीला काजळी जाळून तो साफ करायला सलग धाव लागते. थांबत-थांबत जवळच्या फेऱ्या केल्या तर तो तुंबतो आणि दुरुस्ती महागात जाते. आमच्यासारख्या कामाला पेट्रोल किंवा सीएनजी छोटी गाडी अधिक सोसते.

आयटीआय करून हाताला कसब आलेली आणि स्वतःचे काम उभे करू पाहणारी पुष्कळ मुले या वसाहतींत आहेत. त्यांना माझे सांगणे एवढेच: पहिली गाडी जुनी घ्यायला लाजू नका. कंपनीतला माणूस तुमचे काम पाहतो, गाडीचे वय पाहत नाही. मात्र गाडीखाली आडवे पडून चेसिस पाहिल्याशिवाय पैसे मोजू नका, आणि आर.सी. व विमा तुमच्या नावावर झाल्याशिवाय ती गाडी एकाही कामावर नेऊ नका.