आईचा औषधाचा डबा



नोव्हेंबर आला की इथे अमेरिकेत नोकरीच्या ठिकाणाहून विम्याचे अर्ज येतात. दोन-तीन आठवड्यांत पुढच्या वर्षाचा प्लॅन निवडायचा असतो, आणि आपल्यापैकी कितीतरी जणी "तुम्हीच बघा हो ते" म्हणून तो कागद यजमानांकडे सरकवतात. मीही तेच करत होते. ते मला दोनदा भोवलं. एकदा पैशाने, एकदा जिवाने. म्हणून आज लिहायला बसले.

सांगलीला माझ्या आईच्या कपाटात स्टीलचा एक डबा असायचा. घरखर्चातून उरलेले पैसे त्यात जायचे. "हे औषधाचे. याला हात लावायचा नाही," अशी ताकीद होती. दिवाळीला कपडे कमी आले तरी चालायचे, डबा उघडायचा नाही. पण घरात कुणाला ताप आला, की आई एका शब्दाने न बोलता तो डबा खाली काढायची.

एचएसए म्हणजे हाच डबा, फक्त त्यावर सरकारने करसवलत दिली आहे. 2004 पासून ही सोय आहे. ज्यांचा विमा जास्त डिडक्टिबलचा आहे, म्हणजे सुरुवातीचा बराच खर्च आपल्या खिशातून करायचा असतो, त्यांनाच हे खातं मिळतं. यात टाकलेल्या पैशावर फेडरल टॅक्स नाही, गुंतवून वाढले तर त्या वाढीवर नाही, आणि औषधपाण्यासाठी काढले तर तेव्हाही नाही. पगारातून परस्पर कापून घेतले तर सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचा करही वाचतो. आम्ही न्यू जर्सीत राहतो. इथे आणि कॅलिफोर्नियात मात्र राज्याचा कर ही सूट मानत नाही, हे लक्षात ठेवा. पैसे वर्षअखेर बुडत नाहीत, नोकरी बदलली तरी खातं आपलंच राहतं.

एफएसए दिसायला तसंच, पण स्वभावाने वेगळं. ते कंपनीचं असतं, आणि त्यातले पैसे बहुतांशी त्याच वर्षी वापरायचे. काही कंपन्या थोडी रक्कम पुढे नेऊ देतात, काही थोडी मुदत वाढवून देतात, काही दोन्ही देत नाहीत.

आता माझी पहिली चूक. ह्यांचं एचएसए आधीपासून होतं. 2023 मध्ये मी शाळेत नोकरीला लागले आणि अर्जावर एफएसए दिसल्यावर आनंदाने 1,200 डॉलरचा आकडा लिहिला. दोन डबे भरले तर बरंच, नाही का? पुढच्या मार्चमध्ये स्वाध्यायाच्या गटातल्या एका ताईंशी बोलताना विषय निघाला. त्या हिशेबाचं काम करतात. ऐकून त्या थबकल्याच. "अगं, तुझ्या एफएसएतून ह्यांचाही खर्च करता येतो ना? मग त्या वर्षी त्यांना एचएसएत पैसे टाकता येतच नाहीत!"

ह्यांनी वर्षभरात 5,000 डॉलर टाकले होते. ते तसेच ठेवले असते तर दरवर्षी 6 टक्के दंड लागत राहिला असता. टॅक्स भरायची मुदत संपायच्या आत आम्ही ते पैसे, त्यावरच्या वाढीसकट, काढून घेतले आणि त्यावर साधा कर भरला. नशिबाने माझं एफएसए मी डिसेंबरमध्येच चष्मे आणि दातांच्या बिलांत पूर्ण संपवलं होतं. त्यात शिल्लक राहून पुढे गेली असती, तर पुढचं वर्षही अडकलं असतं. फक्त दात आणि डोळ्यांपुरतं मर्यादित एफएसए असेल तर ते एचएसएसोबत चालतं. हे अर्जावर असतं, पण बारीक अक्षरात.

दुसरी चूक मोठी, आणि ती अर्जाची नव्हती, माझ्या स्वभावाची होती.

त्या प्रकरणानंतर मी खात्यात फार लक्ष घालू लागले. शिल्लक वाढताना बघून बरं वाटायचं. वर्षागणिक आकडा 9,000 च्या पुढे गेला. 2024 च्या दशलक्षण पर्वानंतर जेवलं की उजव्या कुशीत दुखायला लागलं. उपवासाने पित्त वाढलं असेल म्हणून ओवा खाल्ला, ताक प्यायले. हे म्हणाले, "दाखवून ये." मी म्हटलं, "सोनोग्राफीला उगाच काहीशे डॉलर जातील, डिडक्टिबल कुठे पुरं झालंय?" खात्यातला आकडा मोडायला मन होईना. आईचं "हात लावायचा नाही" मला पाठ होतं, आणि त्यापुढचं मी विसरले होते.

जानेवारीत एका रात्री दुखणं इतकं वाढलं की मला उभं राहता येईना, अंगात ताप भरला. इमर्जन्सीत नेलं. पित्ताशयात खडे होते आणि आता तिथे जंतुसंसर्गही झाला होता. चार दिवस मी दवाखान्यात होते. सर्जनबाई शांतपणे म्हणाल्या, दोन-तीन महिने आधी आला असता तर बहुधा त्याच दिवशी घरी गेला असता. धाकटी आठ वर्षांची. ती पलंगाशी उभी राहून माझ्या हातातल्या नळीकडे बघत होती, ते मी विसरू शकत नाही.

आमच्या वाट्याचं बिल 5,300 डॉलर आलं. ह्यांनी ते खात्यातून भरलं आणि इतकंच म्हणाले, "यासाठीच तर साठवलं होतं ना?"

मग आईचा डबा पूर्ण आठवला. ती साठवायची ते उघडण्यासाठी. मी मात्र औषधाच्या पैशाचाही परिग्रह केला होता.

आता आमच्याकडे असं चालतं. ऑक्टोबरमध्येच मी आणि हे मिळून बसतो, दोघांचे अर्ज शेजारी ठेवून वाचतो. 2026 साठी कुटुंबाची मर्यादा 8,750 डॉलर आहे, एकट्यासाठी 4,400. पंचावन्न पूर्ण झालेल्यांना आणखी 1,000. निदान आमच्या डिडक्टिबलइतकी रक्कम खात्यात असावी, हे पहिलं ध्येय. ती रक्कम गुंतवायची नाही, त्यावरची गुंतवायची. प्रत्येक पावतीचा फोटो एका फोल्डरमध्ये ठेवते. खातं उघडल्यानंतरच्या खर्चाचे पैसे आज खिशातून भरले, तरी पावतीवर पुढे कित्येक वर्षांनीही काढता येतात. ताप-डोकेदुखीच्या साध्या गोळ्या आणि पाळीचे पॅडसुद्धा 2020 पासून यात बसतात. कितीतरी जणींना हे माहीत नसतं. भलत्याच कामाला पैसे काढले तर पासष्ट वर्षांपर्यंत कर आणि वर 20 टक्के दंड.

आणि एक. भारतातून आलेल्या सासूबाईंच्या डॉक्टरचं बिल यातून भरता येत नाही, कारण त्या कायद्याने आपल्यावर अवलंबून धरल्या जात नाहीत. त्यांच्यासाठी प्रवासी विमा आधीच घ्या. आईच्या डब्यातून शेजारच्या काकूंनाही औषध मिळायचं. या डब्याला तेवढं मोठं मन नाही. औषधदानाचा डबा मी म्हणून वेगळा ठेवलाय, साधाच, करसवलत नसलेला.

यंदा अर्ज आला की यजमानांकडे सरकवू नका, शेजारी बसून वाचा. आणि कुठे दुखत असेल, तर आधी डॉक्टरांची वेळ घ्या. शिल्लक नंतर बघू.